कलम नऊची मुलगी

समितीच्या खोलीत चहा फिरू लागला की करुणा शेंडे आपला कप शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवायची आणि पिशवीतून छोटा थर्मास काढायची. त्यात ज्येष्ठमध घातलेलं कोमट पाणी असे. सव्वीस वर्षं दिल्लीत दुभाषी म्हणून काढल्यावर तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की संसदेतला चहा घशाला बाधतो आणि संसदेतली भाषणं कानाला. पैकी चहा तरी टाळता येतो.

शेजारची खुर्ची नऊ वर्षांपासून रिकामी होती. पूर्वी या काचेच्या केबिनमध्ये सहा जण दाटीवाटीनं बसायचे आणि तमिळचा दुभाषी बंगालीच्या दुभाषीबाईंच्या डब्यातलं लोणचं पळवायचा. मग भाषणांचा अनुवाद यंत्रं करू लागली. खोटं कशाला बोला, बरा करू लागली. खासदारांच्या अर्धवट वाक्यांना शेपूटसुद्धा नीट जोडून देऊ लागली. एकेक जण निवृत्त झाला. माणसाच्या तोंडाची गरज आता एकाच कामापुरती उरली होती, आणि ते काम म्हणजे उद्याच्या साक्षीदाराची साक्ष.

कर आज बसतो आणि त्याचं फळ तीस वर्षांनी दिसतं. ज्यांना ते मिळायचं किंवा हुकायचं ती माणसं अजून जन्मलेलीच नसतात, मग समितीपुढे येऊन बोलणार कोण? यावर उपाय म्हणून हे यंत्र आलं. जनगणना, दवाखान्यांच्या नोंदी, शाळांचे पट, पाऊसपाणी, बाजारभाव आणि त्या त्या तालुक्यातल्या हजारो माणसांचं बोलणं एवढं सगळं त्यात ओतायचं, विधेयक मंजूर झालं असं धरायचं आणि तीस वर्षं पुढे जायचं. तिथं जे कुणी जगत असण्याचा दाट संभव आहे, त्यातलं एक माणूस यंत्र उभं करी आणि ते माणूस प्रश्नांना उत्तरं देई. काम झालं की ते विसर्जित होई. पुन्हा उभं केलं तर दुसरंच कुणी येई, जसं एकाच आईबापाचं दुसरं मूल दुसरंच असतं.

पहिल्या वर्षी साक्षीदाराचा आवाज सगळ्या खोलीला ऐकवत असत. मग एका चिमुरड्या आवाजानं अर्ध्या समितीला रडवलं आणि एक अगदीच सुमार विधेयक मंजूर होऊन गेलं. तेव्हापासून नियम झाला, की आवाज फक्त एका माणसानं ऐकायचा आणि कोरड्या स्वरात सभेला सांगायचा. साक्षीदाराला नाव द्यायचं नाही. दुभाष्यानं त्याच्या वतीनं ‘मी’ म्हणूनच बोलायचं, पण स्वतःचा एक शब्द घालायचा नाही. करुणानं आजवर एकोणचाळीस जणांसाठी ‘मी’ म्हटलं होतं, आणि त्यात ती स्वतः कुठंच नव्हती.

आजचं विधेयक यंत्रश्रम कराचं होतं. माणसाऐवजी यंत्रानं केलेल्या कामावर शंभराला चार रुपये कर, आणि कलम नऊप्रमाणे त्यातला निम्मा पैसा सरकारी दवाखान्यांना. त्यातून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जनुक-उपचाराचं केंद्र उभं राहायचं होतं. हाडाच्या मगजातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांतली पिढीजात चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा आत सोडायच्या, असा हा उपचार. खाजगीत तो होतच होता, पण त्याचा खर्च ऐकून माणूस दुसऱ्याच आजारानं अंथरूण धरी.

कलम नऊ वगळा, अशी सूचना त्रिलोचन सहाय यांनी मांडली होती. सहाय म्हणजे आयकर खात्यात उभी हयात घालवून राजकारणात आलेले, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की चार टक्के म्हणजे नाकापेक्षा मोती जड होईल.

“मागास भागांत पुढच्या पंधरा वर्षांत अकराशे छोटे कारखाने उभे राहणार आहेत,” ते सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होते. “ते यंत्रांवरच उभे राहतील. कर दीड टक्क्यावर आणा, कलम नऊ काढा. रोजगार आला की लोक आपल्या दवाखान्याचं आपण बघतील.”

“आणि रोजगार येईपर्यंत आजारानं थांबायचं का?” अध्यक्षबाईंनी विचारलं. लालरिनपुई हे त्यांचं नाव. मिझोरामच्या एका शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं, आणि अजूनही त्या प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत.

समितीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या होत्या. सहायांसोबत आणखी तिघे होते, आणि ते जिकडे जातील तिकडे विधेयक जाणार, हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. चार वाजता मतदान होतं.

करुणासमोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. या विधेयकासाठी साक्षीदार क्रमांक चार. स्त्री. वय बावीस. वैनगंगेचं खोरं. साल दोन हजार एक्काहत्तर.

तिनं कानावर हेडफोन बसवले. आपल्याच मुलखातलं कुणी येईल, असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं.

“नमस्कार जी. आयकू येऊन रायलं का?”

करुणाचा हात थर्मासवरच थांबला. हे बोलणं तिनं आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. गावाकडच्या भाच्यांचे फोन यायचे, पण ती मुलं आता टीव्हीसारखी बोलायची. आणि या पोरीच्या बोलण्यात तो हेल होता, ते ‘जी’ होतं, वाक्य संपताना आवाज किंचित वर नेण्याची ती तऱ्हा होती. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिनं सभेला हिंदीत, कोरडेपणानं सांगितलं, “नमस्कार. मला ऐकू येतंय.”

“तुम्ही काय काम करता?” अध्यक्षबाईंनी विचारलं. करुणानं नियमाप्रमाणे शुद्ध, पुस्तकी मराठीत तो प्रश्न विचारला.

“नदीत बुडी मारून शिंपले काढतो जी. पान्याच्या तपासणीसाठी लागतात. रोज सकाळी जातो.”

त्यांच्याकडे बायकाही ‘जातो’ म्हणत. दिल्लीला आल्यावर पहिल्याच महिन्यात करुणानं ती सवय मोडली होती. आत्ता ती तिला एकदम हवीशी वाटली.

“तुमच्या प्रकृतीविषयी सांगा.”

“माह्या मायचं अन् बाचं, दोघायचंबी कार्ड पिवळं. मले सिकलसेल होता. तीन वरसाची होती तवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात माह्या हाडातलं काढलं, दुरुस्त केलं अन् परत टाकलं. मले काई आठवत नाई. वार्डातल्या सिस्टरनं देल्लेला पेरू तेवढा आठवते.”

करुणानं पेरूसकट सगळं सांगितलं. सदस्यांपैकी एक-दोघे हसले. अध्यक्षबाईंनी पिवळ्या कार्डाचा अर्थ विचारला, तेव्हा पोरीनं तोही सांगितला आणि करुणानं तो पुढे पोचवला. सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार ज्याला झाला त्याचं कार्ड लाल. ज्याच्या रक्तात तो नुसता दडून आहे, त्याचं पिवळं. पिवळ्या-पिवळ्याचं लग्न झालं तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता, की ते लाल कार्ड घेऊनच येईल. म्हणून आमच्याकडे पत्रिका नंतर बघतात, आधी कार्डं जुळवतात.

हे सांगताना करुणाला केबिनची काच दिसेनाशी झाली. तिच्या धाकट्या भावाचं कार्ड लाल होतं. नरेश त्याचं नाव. थंड पाण्यानं त्याची हाडं दुखून येत, म्हणून बाकीची पोरं नदीत उड्या मारत तेव्हा तो स्वेटर घालून घाटावरच्या उंबराखाली बसायचा आणि सगळ्यांचे कपडे सांभाळायचा. सतराव्या वर्षी तो गेला. त्यानंतर सात वर्षांनी, ज्या हेमराजबरोबर तिनं कॉलेजची तीन वर्षं एकाच बसनं प्रवास केला होता, त्याच्याशी तिचं लग्न ठरलं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, टिळा लागायच्या आधी, आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरबाईंनी दोन्ही कार्डं ताटात शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही पिवळी. उंबराखाली पुन्हा एक पोर स्वेटर घालून बसलेलं तिला दिसलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत ती उठली.

तिनं केलं ते चूक होतं असं तिला कधी वाटलं नाही. पण हेमराजची आठवण यायची ती यायचीच. आणि त्याहून अधिक, जे मूल कधी झालंच नाही त्याची यायची.

सहायांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “माझा एकच प्रश्न आहे. हा कर नसता, कलम नऊ नसतं, तर तुमचं नेमकं काय नुकसान झालं असतं? आकड्यात सांगता आलं तर उत्तम.”

करुणानं प्रश्न विचारला.

“आकडा नाई सांगता येत जी. मी रायलीच नसती न. मायनं अन् बानं साक्षगंधाच्या दिवशी कार्डं पाह्यले असते अन् उठून गेले असते. दोन दिस रडले असते. मंग ज्याच्या त्याच्या वाटंनं.”

सभेच्या स्पीकरवर करुणाचा सवयीचा सपाट आवाज आला. “आकडा सांगता येत नाही. मी जन्मलेच नसते.” मग एक श्वास. “साक्षगंधाच्या दिवशी कार्डं पाहिली आणि मी उठून आले. टिळ्याचं ताट तसंच राहिलं. त्यानं थांब म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी थांबले नसते. दोन दिवसांत रडणं संपेल असं वाटलं होतं. सत्तावीस वर्षं झाली.”

दुभाष्याचं बोलणं यंत्र साक्षीदाराच्या बोलण्याशी ताडून पाही. सचिवांच्या पडद्यावर पडताळणीची लाल रेघ उमटली होती, पण अध्यक्षबाईंना तिची गरज पडली नाही.

“दुभाषीबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “साक्षीदार बावीस वर्षांची आहे.”

“हो.”

“मग सत्तावीस वर्षं कोणाची?”

आपण काय बोलून बसलो ते करुणाला तेव्हा कळलं. तिनं माईकची कळ पुन्हा दाबली आणि ती म्हणाली, “माझी.”

पुढे जे झालं ते नियमात लिहिलेलं होतं. दुभाष्यानं स्वतःचं बोलणं साक्षीत मिसळलं तर ते उत्तर बाद आणि साक्ष तिथंच संपली. सगळ्या साक्षीत महत्त्वाचं होतं तेच उत्तर बाद झालं. विधेयकाच्या बाजूच्या एका सदस्यानं कपाळाला हात लावला. सहाय मात्र काचेकडे टक लावून बघत राहिले.

“मला निवेदन करायचं आहे,” करुणा म्हणाली.

“या खोलीत दुभाष्याला निवेदन करता येत नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकायला अवघड गेलं. “साक्षीदाराला निरोप द्या आणि केबिन सोडा.”

सभेकडे जाणारा आवाज बंद झाला. आता फक्त त्या दोघीच होत्या. निरोपाचं ठरलेलं वाक्य म्हणायचं आणि किल्ली फिरवून साक्षीदार विसर्जित करायची, एवढंच काम उरलं होतं.

“झालं का जी?” पोरीनं विचारलं. “मी काई चुकीचं बोलली का?”

“नाई व माय,” करुणा म्हणाली. कितीतरी वर्षांनी ते शब्द तिच्या तोंडून आले आणि आल्यावर थांबेनात. “तू काई चुकली नाई. मी चुकली.”

पलीकडे पोर हसली. “तुमी आमच्याकडच्या हा न? मले वाटतच होतं. कोन्या गावच्या?”

“आंबेटोल्याच्या.”

“मंग घाटावरचा उंबर माहीत असंन तुमाले. त्याच्या खालीच मी बुडी मारतो.”

ही पोर म्हणजे हिशेब आहे, संभवांची गोळाबेरीज आहे, हे करुणाइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या नोंदींत कुणीतरी उंबराचा उल्लेख केला असेल, तो यंत्रानं उचलला असेल. हे सगळं कळत असूनही तिनं विचारलंच, “पानी लय थंड रायते का व?”

“सकाळी रायते. पन एक डाव अंदर गेलं का मंग थंड नाई लागत.”

करुणाला हे नरेशला सांगायचं होतं. ते आता कुणाला सांगणार, या विचारानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

“उद्याबी बोलवाल का मले?” पोरीनं विचारलं.

काचेपलीकडून सचिव घड्याळाकडे बोट दाखवत होते. “तुमची साक्ष संपली. समिती आपली आभारी आहे,” तिनं शुद्ध मराठीत म्हटलं आणि किल्ली फिरवली. हेडफोनमध्ये बारीक खरखर उरली, मग तीही थांबली.

बाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. ती तिथं थर्मास मांडीवर घेऊन बसली. चाराला वीस मिनिटं कमी होती. एखाद्याचं भलं करायला जावं आणि त्याच्याच पायावर धोंडा पाडावा, तसं तिनं केलं होतं. जी गोष्ट सत्तावीस वर्षं कुणाला सांगितली नाही ती सांगायला तिनं नेमका त्या पोरीचा वेळ घेतला. उत्तर बाद झालं, कलम पडलं, तर ती पोर आंबेटोल्याच्या घाटावर कधी येणारच नाही. तिचे आईबाप कार्डं बघून उठतील आणि ज्याच्या त्याच्या वाटेनं जातील.

दार उघडून सहाय बाहेर आले. ते तिच्यापासून चार हातांवर थांबले.

“मतदान होईपर्यंत सदस्यानं दुभाष्याशी बोलू नये, असा नियम आहे,” ते हिंदीत म्हणाले.

करुणानं पदराची ती कडा दाखवली, जिथं रोज दुभाष्याचा बिल्ला असे. तिथं पिनेची दोन भोकं होती. “तो आत टेबलावर ठेवून आले. आता मी कुणाच्याही वतीनं बोलत नाही.”

ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. “तुमचं कार्ड पिवळं?”

“हो.”

“चारात एकच शक्यता होती. म्हणजे तीन वेळा सगळं ठीक.”

“कागदावर तसंच आहे, साहेब. ते एक कुणाच्या घरी जाईल तेवढं कागद सांगत नाही. आमच्याकडे ते माझ्या भावाच्या वाट्याला आलं.”

सहाय तिच्याकडे वळले. “मी निष्ठुर नाही. पण आत जी बोलली ती मुलगी नाही, एक अंदाज आहे. अंदाजासाठी मी आजच्या माणसावर कर कसा लादू?”

“तुमचे अकराशे कारखाने तरी कुठं उभे आहेत?” करुणा म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं आणि तसं तिच्या आवाजातही नव्हतं. “तोही अंदाजच. पण सकाळपासून तुम्ही त्यांच्याविषयी असं बोलताय, जसे ते तुमच्या घरासमोर आहेत. मी तुम्हाला चूक म्हणत नाही. त्या कारखान्यांत कामाला जायलाही कुणी जन्मावं लागेल, एवढंच म्हणते.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. खरं तर तो स्वच्छच होता.

“नाव काय तिचं?” त्यांनी विचारलं.

नियमाप्रमाणे नाव नव्हतंच. करुणाला तसं सांगता आलं असतं. पण कॉलेजच्या बसमध्ये, मागच्या सीटवर, विशीतल्या मुलामुलीनं आपल्या होणाऱ्या मुलीसाठी हसत हसत ठरवलेलं एक नाव तिच्याजवळ होतं. ते तिनं आजवर कुणालाही दिलं नव्हतं.

“अजून ठेवलेलं नाही,” ती म्हणाली.

मतदानाची घंटा वाजली. सहाय उठले आणि आत गेले. दार त्यांच्यामागे लागलं. आत एकेक हात वर होत असेल, सचिव मोजत असतील. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. करुणानं थर्मासचं झाकण उघडलं, पण पाणी प्यायची इच्छा झाली नाही. बंद दाराकडे बघत ती ते नाव मनातल्या मनात म्हणत राहिली. उंबराखालचं पाणी सकाळी थंडच असणार, आजही आणि तीस वर्षांनीही. पण त्यात उतरायला कुणी येईल का?